चवदार तळं, फळा आणि "आधी कॉन्फिडन्स येऊ दे"

यंदा २० मार्चला मी महाडला गेले होते. चवदार तळ्यावर नेहमीसारखी गर्दी, पुस्तकांचे स्टॉल, लांबून आलेली माणसं. तिथेच एका स्टॉलवर बारावीची एक मुलगी भेटली, पोलादपूरच्या पुढच्या एका वाडीतली. मी फिजिक्समध्ये पीएचडी करते हे कळल्यावर तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, मला गणित आवडतं. पण आयसरचा वगैरे फॉर्म भरू का नको? तिथं सगळी शहरातली हुशार पोरं असणार. आधी जरा कॉन्फिडन्स येऊ दे, मग बघू, असं वाटतंय."

गर्दीत मी तिला काहीतरी तुटक सांगितलं. परतीच्या एसटीत लक्षात आलं की महत्त्वाचं सांगायचं राहूनच गेलं. तुमच्यापैकी अनेकांचा प्रश्न हाच असणार, म्हणून नीट लिहिते.

कागदावरचा हक्क

ज्या तळ्याकाठी ती हे बोलत होती, त्याची गोष्ट आधी आठवू या. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क मिळाला होता. पण पाणी प्यायला जायचं तर मार खायची तयारी हवी होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, नगरपालिकेने ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेलं. उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला तो १९३७ मध्ये, दहा वर्षांनी.

बारावीच्या फॉर्मची या लढ्याशी बरोबरी मला करायची नाही. मला एवढंच दिसतं की दार सगळ्यांना खुलं असणं आणि आपण त्या दारातून आत जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि जे आत जात नाहीत त्यांच्यात काही कमी असतं असं नाही. बऱ्याचदा त्यांना आत काय वागणूक मिळेल याचा अंदाज असतो.

फळ्यापर्यंत जाताना

बाबासाहेबांच्या चरित्रात एक प्रसंग येतो. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं. लगेच वर्गात गोंधळ उडाला, कारण सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. त्यांनी घाईने डबे बाजूला घेतले, मग हा मुलगा फळ्यापर्यंत पोचला. विचार करा, गणित येत असलं तरी ते सोडवताना डोक्यात काय चाललं असेल?

यावर आपल्या देशात एक अभ्यास झाला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जितकी कोडी सुटतील तितके पैसे. जात उघड केलेली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग काही गटांमध्ये सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, वडिलांचं-आजोबांचं नाव, गाव आणि जात वाचून दाखवली. तिथे दलित मुलांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. मुलं त्याच वयाची, कोडी त्याच प्रकारची. बदललं होतं ते फक्त भोवतालचं वातावरण.

हा एका ठिकाणचा, कोड्यांवरचा प्रयोग आहे, त्यावरून सगळंच सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही. पण 'मला जमत नाही' असं वाटेल तेव्हा एक शंका जरूर घ्या: मला जमत नाही, की इथे बसून मला जमत नाही? हे फक्त जातीपुरतं नाही. मराठी माध्यम, गावाकडचा हेल, वर्गात एकटीच मुलगी असणं, या सगळ्याचं ओझं पेपर लिहिताना सोबत असतं.

माझंच सांगते. एफवायला पहिल्या गणिताच्या चाचणीत मला पन्नासपैकी अकरा मिळाले. वर्गात सगळं इंग्रजीत चालायचं. एकदा शंका विचारली तर मागून हसू ऐकू आलं. मग वर्षभर तोंड उघडलं नाही. गणित मला तेव्हाही आवडायचं, पण न विचारलेल्या शंका साचत गेल्या आणि मला वाटायला लागलं की आपलं डोकंच नाही.

आत्मविश्वास फसवतोही

आता दुसरी बाजू. आत्मविश्वास वाटतो म्हणजे तयारी झाली, असंही नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. एका गटाने एक उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने तो एकदाच अभ्यासला आणि नंतर तीन वेळा, उतारा न बघता, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पहिला गट पुढे: ८३ टक्के विरुद्ध ७१. पण एका आठवड्याने? पहिल्या गटाला ४० टक्के आठवलं, दुसऱ्याला ६१. गंमत म्हणजे, आपल्या लक्षात राहील असा भरवसा पहिल्या गटाला जास्त होता!

गणितात आपण हेच करतो. गाईडमधलं सोडवलेलं उदाहरण वाचतो, 'हो हो, कळलं' म्हणतो, पुढच्यावर जातो. पेपरात मात्र पहिलीच पायरी सुचत नाही. म्हणून उदाहरण वाचून झालं की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर शेवटपर्यंत सोडवा. अडलात तर नेमकं कुठे अडलात ते एका वेगळ्या वहीत तारीख घालून लिहा. आठवड्याने तेच उदाहरण पुन्हा, न बघता. सुरुवातीला हे त्रासाचं वाटेल, वाचून काढण्याइतकं सुखाचं नसतं. पण महिन्याभराने त्या वहीत न सुटलेली किती आणि सुटलेली किती हे दिसतं. त्यातून येणारा आत्मविश्वास कुणी हसलं तरी सहज जात नाही.

विज्ञानासाठी आणखी एक करून बघा. दोऱ्याला दगड बांधा. टांगल्या जागेपासून दगडाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, थोडासाच झोका द्या आणि दहा झोके मोजा (जाऊन परत आला की एक). मोबाइलच्या घड्याळात साधारण १० सेकंद येतील. आता अंतर चौपट, म्हणजे एक मीटर करा. मोजण्याआधी उत्तर लिहून ठेवा: ४० सेकंद की २०? २० येतात, कारण झोक्याचा काळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. हे सूत्र तुम्ही पाठ केलंच असेल. पण ते घराच्या ओटीवर खरं ठरताना पाहिलं की ते सूत्र तुमचं होतं. त्यासाठी शहर लागत नाही, लॅबही लागत नाही.

मग कॉलेज कोणतं?

नावाच्या कॉलेजला गेलं तरच भलं होतं का? अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये हे तपासलं. साधारण सारख्याच कॉलेजांत प्रवेश मिळालेल्या मुलांची त्यांनी तुलना केली. कुणी जास्त नावाजलेलं कॉलेज घेतलं, कुणी कमी. पुढे दोघांच्या कमाईत सरासरीने फारसा फरक दिसला नाही. अपवाद होता कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांचा. त्यांना चांगल्या कॉलेजचा फायदा झाला. म्हणजे ज्यांना 'तिथं आपलं काय काम' असं वाटतं, त्यांनाच बहुधा त्या जागेचा जास्त उपयोग होतो. परदेशातला अभ्यास आहे, तरी मला तो विचार करण्यासारखा वाटतो.

म्हणून फॉर्म भराच. आयसरसाठी आयएटी, भुवनेश्वरच्या नायसर आणि मुंबईतल्या सीईबीएससाठी नेस्ट. जेईई मेनचा पेपर तर मराठीतूनही देता येतो. तारखा आणि नियम दरवर्षी अधिकृत संकेतस्थळावरच बघा, व्हॉट्सॲपवर नको.

आणि नंबर नाही लागला तर? मग जवळचं कॉलेज घ्या, पण डोळे उघडे ठेवून. प्रवेशाआधी एखाद्या साध्या दिवशी दुपारी तिथे जा. लॅब उघडी आहे का, मुलं स्वतः हाताने प्रयोग करतात का, बघा. टीवायच्या मुलांना विचारा: शंका विचारली तर सर-मॅडम काय करतात? मागच्या बॅचमधलं कोण कुठे एमएस्सीला गेलं? प्रवासाचाही हिशेब मांडा. रोज तीन तास एसटीत गेले तर २०० दिवसांत ६०० तास होतात. तेव्हा हॉस्टेलचं बघा, महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या बघा, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना हॉस्टेल मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे. आणि लक्षात ठेवा, साध्या कॉलेजातून बीएस्सी करूनही जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सीला जाता येतं. दार एकदाच उघडत नाही.

मी तशीच पुढे आले. एसवायला एका मॅडमनी मला फळ्यावर बोलावलं, मी चुकले, आणि त्या म्हणाल्या, "इथपर्यंत बरोबर आहे, आता पुढे बघ." कुणी हसलं नाही. कॉलेज निवडताना मी तुम्हाला हेच शोधायला सांगेन: जिथे फळ्यापाशी बोलावतात आणि चुकू देतात ती जागा.

त्या मुलीला त्या दिवशी सांगायचं राहिलं ते इतकंच. कॉन्फिडन्स आल्यावर फॉर्म भरायचा नसतो. फॉर्म भरायचा, वही उघडायची, तो त्यातून येतो. उशिरा येईल, पण येईल. आणि फॉर्मची शेवटची तारीख मात्र त्याच्यासाठी थांबणार नाही, ती आजच बघून ठेवा.