खापरपणजीचे माहेर कोणते?

घराण्याची वंशावळ विचारली, की पणजोबा, खापरपणजोबा यांची नावे सांगितली जातात. खापरपणजीचे नाव काय आणि ती कोणत्या गावची लेक, या प्रश्नाला मात्र क्वचितच उत्तर मिळते. एकोणिसाव्या शतकातील सामान्य स्त्रीचा माग काढणे अवघड आहे. परंतु अशक्य नाही.

हिंगोलीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्या काळी हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गावात 'हैदराबाद कंटिंजंट' फौजेची छावणी होती. तेथील युरोपीय कुटुंबांचे बाप्तिस्मे, विवाह व दफनविधी चर्चच्या नोंदवहीत लिहिले जात आणि त्यांच्या प्रती लंडनला जात. अशा नोंदी आज ब्रिटिश लायब्ररीत पाहता येतात. छावणीबाहेरच्या शेतकरी स्त्रीच्या वाट्याला अशी नोंदवही आली नाही. संस्थानात १८८१ मध्ये जनगणना झाली. पण तिच्या छापील अहवालात माणसे केवळ आकड्यांच्या रूपाने उरली. महसुली दप्तरात खातेदार म्हणून बहुधा पुरुषच असे. पती निवर्तला आणि मुलगा अज्ञान असला, तर पालनकर्ती म्हणून विधवेचे नाव येण्याची शक्यता असे.

त्यामुळे शोधाची सुरुवात घरातूनच करावी लागते. विवाहात वधूचे नाव बदलण्याची प्रथा असल्याने सासरच्या नावाने माहेरी शोध घेतला, तर हाती काही लागत नाही. आधी माहेरचे आडनाव व गाव विचारावे. मामाच्या मुलीशी विवाहाची चाल मराठवाड्यातील अनेक समाजांत होती. त्यामुळे मागच्या पिढीचे आजोळ हेच पुढच्या सुनेचे माहेर असण्याचा संभव असतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या नोंदी गाव व आडनावानुसार सापडतात. काही नोंदींत स्त्रियांचीही नावे असतात. त्यानंतर मुला-नातवंडांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, म्हणजे 'कोतवाल बुक', पाहावे.

जुने कागद मोडी वा उर्दूत, त्याहून आधीचे फारसीत असतात. त्यांवर फसली सन असल्यास त्यात ५९० मिळवून इसवी सन काढावे. फसली १३०० म्हणजे १८९०-९१.

कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून मराठवाड्यातील जुनी दप्तरे मोठ्या प्रमाणावर उघडली गेली. मात्र जातीच्या दाखल्यासाठी वडिलांकडील नाते सिद्ध करावे लागते. त्यामुळे शोध पुरुषांच्या नावांमागे धावतो. आजीच्या आईचे माहेर कोणत्याही दाखल्यासाठी लागत नाही, म्हणून ते कोणी विचारत नाही. कागद आणखी काही वर्षे टिकतील. घरातील वृद्धांची आठवण तितकी थांबणार नाही. म्हणूनच दप्तराच्या आधी आजीजवळ बसणे आणि ती सांगेल ती नावे लिहून ठेवणे, ही या शोधाची पहिली पायरी होय.