घरचं लिक्विड बनवताय? आधी पाणी बघा, मग सामान आणा

किराण्याच्या यादीत कपडे धुण्याच्या पावडरीचा खर्च दर महिन्याला खटकतो. म्हणून अनेक घरांत आता लिक्विड घरीच बनतं. काही बचत गट तर कॅन भरून विक्रीही करतात. काम फार अवघड नाही. पण कृती चुकली तर कपडे खराब होतात आणि रसायन चुकलं तर हात भाजतो. त्यामुळे बाजारात जाण्याआधी हे वाचून घ्या.

पाणी जड आहे का?

मोबाईलवर दिसणाऱ्या बऱ्याच कृतींत साबणाची वडी किसून गरम पाण्यात विरघळवतात. हे लिक्विड नदीच्या किंवा पावसाच्या पाण्यात चालतं, बोअरच्या जड पाण्यात मात्र फसतं. अशा पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका तयार करतं. तो कपड्यावर बसला की पांढरा शर्ट मळकट दिसतो आणि टॉवेल कडक होतो.

तपासणी सोपी आहे. बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. फेस कमी येऊन पाणी दुधासारखं गढूळ झालं, तर पाणी जड आहे. मग साबणाची कृती सोडून द्या.

पाच लिटरची सोपी कृती

केमिकलच्या दुकानात एसएलईएस नावाची 70 टक्क्यांची घट्ट पेस्ट मिळते. ती जड पाण्यातही फेस देते, शिवाय तिच्यात अ‍ॅसिड-कॉस्टिकची भानगड नसते.

साहित्य: पेस्ट 500 ग्रॅम, उकळून गार केलेलं पाणी साडेचार लिटर, साधं मीठ 100 ते 150 ग्रॅम.

प्लास्टिकच्या बादलीत पेस्ट घ्या. चार लिटर पाणी थोडं थोडं घालत लाकडी काठीने सावकाश ढवळा. घाई केली तर नुसता फेस होतो. गुठळ्या राहिल्या तर रात्रभर झाकून ठेवा, सकाळी विरघळलेल्या असतात. उरलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात मीठ विरघळवून ते हळूहळू ओता. लिक्विड दाटलं की थांबा. मीठ जास्त झालं तर दाट झालेलं लिक्विड पुन्हा पातळ होतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मिठाने फक्त दाटपणा येतो, मळ निघत नाही. त्यामुळे दाट दिसतं ते चांगलंच, असं समजू नका.

बादलीभर पाण्याला 40 मिलीपासून सुरुवात करा. पाणी फार जड असेल तर आधी बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा, मग लिक्विड घाला. रेशमी साडी आणि लोकरीच्या कपड्यांना मात्र सोडा लावू नका. हे लिक्विड टिकवण्यासाठी वेगळं काही घातलेलं नाही, म्हणून एका वेळी महिनाभर पुरेल एवढंच बनवा.

स्लरी आणि कॉस्टिक: इथे जपून

स्वस्त पडतं म्हणून अनेक जण अ‍ॅसिड स्लरी आणि कॉस्टिक सोडा आणतात. दोन्ही कातडी जाळतात. मापही नेमकं लागतं. एक किलो स्लरीला साधारण 120 ग्रॅम कॉस्टिक लागतो. कॉस्टिक जास्त झाला तर हातांची सालं निघतात, कमी पडला तर अ‍ॅसिड तसंच राहतं.

हे काम करायचंच असेल तर रबरी हातमोजे आणि चष्मा घाला. कॉस्टिक पाण्यात टाका, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतू नका. जर्मनचं पातेलं अजिबात वापरू नका. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो.

तयार लिक्विडचा थेंब ओल्या हळदीच्या कागदावर टाका. कागद लालभडक झाला तर कॉस्टिक जास्त आहे. अ‍ॅसिड उरलंय का, हे मात्र हळद सांगत नाही. त्यासाठी पीएच पट्टीच लागते. आकडा 7 ते 9 च्या दरम्यान असावा.

कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरू नका

घरच्या लिक्विडचा सर्वात मोठा धोका हाच आहे. रंगीत लिक्विड कोल्ड्रिंकच्या बाटलीत दिसलं की लहान मूल ते सरबत समजून तोंडाला लावतं. जुन्या डिटर्जंटचाच कॅन वापरा, त्यावर मराठीत मोठं नाव लिहा आणि तो उंचावर ठेवा. कच्चं कॉस्टिक तर कुलपातच हवं.

अंगावर किंवा डोळ्यात रसायन उडालं तर वाहत्या पाण्याने किमान 15-20 मिनिटं धुवा. लिंबू, व्हिनेगर लावत बसू नका. कुणी प्यायलं तर उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

विकायचं असेल तर

पॅकबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, मालाचं नाव, निव्वळ माप, बनवल्याचा महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं वजनमापांच्या 2011 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. गटाने पहिली बादली आधी आपल्याच घरी, आपल्याच गावच्या पाण्यात महिनाभर वापरून बघावी. कपडे आणि हात दोन्ही नीट राहिले, तरच कॅन बाजारात न्यावा.