ओलिसांची सुटका : शस्त्र की शब्द?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

एखाद्या माथेफिरूने चारदोन माणसे कोंडून धरली आहेत आणि बाहेर शेकडो पोलीस नुसते उभे आहेत, अशी बातमी वाचली की आपण पटकन म्हणतो, "एवढे पोलीस काय झोपा काढतात? दार तोडून आत का शिरत नाहीत?" चित्रपटातला नायक तर काच फोडून आत उडी घेतो आणि दोन मिनिटांत सर्वांना सोडवतो. परंतु वाचकहो, दार तोडण्याच्या त्या काही क्षणांतच आतल्या निरपराध माणसाच्या जिवाला सर्वांत अधिक धोका असतो. म्हणूनच गेल्या पन्नास वर्षांत पोलिसांनी एक निराळी विद्या शिकून घेतली आहे. ती विद्या म्हणजे बोलत राहण्याची आणि वाट पाहण्याची. ती कशी जन्मली व कशी चालते, हे थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न.

या विद्येला मोठी चालना मिळाली ती एका भीषण अपयशातून. ५ सप्टेंबर १९७२ रोजी पश्चिम जर्मनीतील म्युनिक येथे ऑलिंपिक सामने चालू असताना 'ब्लॅक सप्टेंबर' या पॅलेस्टिनी संघटनेचे आठ अतिरेकी क्रीडाग्रामात शिरले. इस्रायली पथकातील दोघांना त्यांनी तेथेच ठार केले व नऊ जणांना ओलीस धरले. पोलिसांपाशी ना तसे प्रशिक्षण होते, ना खास पथक. छपरावर चढणारे पोलीस दूरचित्रवाणीवर थेट दिसत होते आणि अतिरेकी होते तेथेही दूरचित्रवाणी संच होता! तो बेत अर्थातच सोडावा लागला. रात्री विमानतळावर चकमक उडाली. नेमबाज अवघे पाच, आणि त्यांचा एकमेकांशी संपर्कही नव्हता. नऊही ओलीस आणि एक पोलीस प्राणास मुकले.

यानंतर पश्चिम जर्मनीने 'जीएसजी-९' हे खास पथक उभारले. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी मात्र आणखी एक प्रश्न स्वतःला विचारला : गोळी झाडण्यापूर्वी करण्यासारखे काही आहे की नाही? त्या खात्यातील हार्वी श्लॉसबर्ग हे डिटेक्टिव्ह मानसशास्त्राचे डॉक्टर होते. त्यांनी व फ्रँक बोल्झ या अधिकाऱ्याने वाटाघाटींची पद्धत बसवली. जानेवारी १९७३ मध्ये ब्रुकलिनमधील बंदुका विकणाऱ्या एका दुकानात चार सशस्त्र तरुण शिरले. सुरुवातीच्या गोळीबारात एक पोलीस मारला गेला. आपला सहकारी पडल्यावर कोणाचेही रक्त उसळेल. परंतु पोलिसांनी दुकानावर चाल केली नाही. वेढा ४७ तास चालला. अखेर ओलीस छपरावरून निसटले आणि चौघे शरण आले. लंडनच्या बालकोंब स्ट्रीटवर डिसेंबर १९७५ मध्ये एका दांपत्याला कोंडून बसलेले आयआरएचे चौघेही सहा दिवसांनी असेच बाहेर आले. दांपत्य सुखरूप राहिले.

आता प्रत्यक्ष पद्धत पाहू. प्रथम जागेला दुहेरी वेढा पडतो. आतला वेढा शस्त्रधाऱ्याला बाहेर पडू देत नाही. बाहेरचा वेढा बघ्यांना, वाहनांना आणि वार्ताहरांना लांब ठेवतो. शेजारची घरे रिकामी करतात. मग एक प्रशिक्षित मध्यस्थ आतल्या माणसाशी बोलू लागतो. त्याच्याजवळ दुसरा एक जण असतो. तो नुसता ऐकतो आणि चिठ्ठ्या लिहून सुचवतो. येथे एक नियम फार महत्त्वाचा आहे : जो बोलतो तो निर्णय घेत नाही आणि जो निर्णय घेतो तो बोलत नाही. त्यामुळे कोणतीही मागणी आली, तरी "वरिष्ठांना विचारून सांगतो" असे खरेपणाने म्हणता येते. त्यातून वेळ मिळतो. जेवण, सिगारेट दिली जाते, परंतु फुकट नव्हे. त्या बदल्यात एखादे मूल, एखादा आजारी सोडवून घेतात. शस्त्र मात्र कधीही देत नाहीत.

वेळेला एवढे महत्त्व कशासाठी? कारण राग फार काळ टिकत नाही. माणूस थकतो, त्याला भूक लागते, झोप येते आणि जगावेसे वाटू लागते. मध्यस्थ त्याला उपदेश करीत नाही, "शांत हो" असेही दरडावत नाही. त्याचे नाव घेतो, त्याचेच बोलणे त्याला पुन्हा ऐकवतो आणि त्याला बोलते ठेवतो.

आमच्या घरात महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. मानसशास्त्राचे पुस्तक हाती पडण्यापूर्वी यातले पुष्कळसे मी आमच्या आळीत पाहिले होते. दारू पिऊन, विळा घेऊन कोणी दार लावून बसला, की तरणी पोरे दारावर लाथा घालायला धावत. शेजारची म्हातारी मात्र त्यांना मागे सारी आणि दाराशी बसून विचारी, "आरं बाळा, सकाळधरनं पोटात काय हाय का तुझ्या?" तासाभराने कडी निघे. तिला वाटाघाटी हा शब्द ठाऊक नव्हता, विद्या ठाऊक होती.

अर्थात प्रत्येक प्रसंग सारखा नसतो. कोणी एकटाच कोंडून घेतो. तेथे त्याचाच जीव वाचवायचा असतो, म्हणून घाईचे कारणच नसते. कोणी रागाने बायकामुलांनाच कोंडतो. त्याला पोलिसांकडून काही नको असते, म्हणून तो प्रसंग अधिक घातक. आत माणसे मारली जाऊ लागली, तर मात्र थांबणे हा गुन्हा ठरतो. म्हणून वाटाघाटी चालू असतानाच हल्ल्याची तयारीही ठेवावी लागते. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत आलेल्यांना काही मागून घ्यायचे नव्हते, मारायचेच होते. तेथे शब्दांची मर्यादा संपली होती आणि राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाला लढावेच लागले.

त्याच मुंबईने आणखी एक धडा दिला. कमांडोंच्या हालचाली दूरचित्रवाणीवर थेट दिसत होत्या आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार त्या पाहून दूरध्वनीवरून हुकूम सोडत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. २०१५ मध्ये अशा दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास नियमाने बंदी आली. २३ ऑगस्ट २०१० रोजी मनिला येथे बडतर्फ झालेल्या एका पोलीस अधिकाऱ्याने हाँगकाँगच्या प्रवाशांची बस अडवून धरली. नोकरी परत मिळावी, एवढीच त्याची मागणी. दिवसभरात त्याने काही जणांना सोडलेही. परंतु संध्याकाळी आपल्या भावाला पोलीस पकडून नेत असल्याचे दृश्य त्याने बसमधल्याच संचावर पाहिले आणि तो बिथरला. आठ प्रवासी मेले. म्युनिकनंतर ३८ वर्षांनीही तीच चूक!

आज तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. म्हणून ही विद्या फक्त पोलिसांनी शिकून भागणार नाही. असा प्रसंग आपल्या गल्लीत उद्भवला, तर गर्दी करू नये, चित्रण करून पसरवू नये, "घुसा आत" म्हणून आरोळ्या ठोकू नयेत. आत कोंडलेल्या माणसाच्या आईला विचारा. तिला शौर्याचा देखावा नको असतो, तिला तिचे माणूस जिवंत हवे असते. ते जिवंत परत यावे म्हणून दाराबाहेर रात्रभर संयमाने बोलत बसणारा पोलीस हाही शूरच आहे.