हिरा कठीण, पण अविकारी नव्हे

फरशी कापणाऱ्या चकतीवरचा हिरा पोलादही सहज कापेल, असे अनेकांना वाटते. सर्वांत कठीण पदार्थ म्हटल्यावर तसे वाटणे स्वाभाविकच. पण कठीणपणा म्हणजे ओरखड्याला होणारा विरोध. रासायनिक स्थैर्य वेगळे. खडीसाखर दाताला दाद देत नाही, गरम दुधात मात्र विरघळते.

हिरा म्हणजे कार्बन. लोखंड, कोबाल्ट, निकेल हे धातू तापले की कार्बन आपल्यात विरघळवतात आणि हिऱ्याचे ग्राफाइट (पेन्सिलीतला मऊ, काळा कार्बन) होणे सोपे करतात. कोबाल्टने बांधलेली हिऱ्याची हत्यारे म्हणूनच सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे खालावू लागतात. विलक्षण म्हणजे, प्रचंड दाबाखाली कारखान्यात हिरे वाढवायला हेच धातू लागतात! दाब नसला की तीच वाट उलटी चालते. पोलादासाठी त्यामुळे बहुधा क्युबिक बोरॉन नायट्राइड वापरतात.

प्रत्येक अभिक्रिया घातकच असते, असेही नाही. टायटॅनियम किंवा क्रोमियम हिऱ्याच्या पृष्ठभागावर कार्बाइडचा (धातू-कार्बन संयुगाचा) पातळ थर तयार करतात आणि बंधक धातू (कण धरून ठेवणारा धातू) हिऱ्याला घट्ट चिकटतो. थर जाड झाला, तर मात्र तोच ठिसूळपणे तडकतो.