मामांचं केबल आणि वायफायचं बिल निम्म्यावर कसं आलं (आणि आधी माझी काय चूक झाली)



दुकानाचा महिन्याचा ठरलेला खर्च कसा तपासायचा, हे मी व्हिडिओत नेहमी सांगतो. भाडं, लाईटबिल, कामगाराचा पगार. पण हाच हिशोब आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी आपण कधी करतो का? मी तरी केला नव्हता. केला तेव्हा पहिल्यांदा चुकलो, म्हणून आज तेच सांगतो.

गेल्या वर्षी आखाजीला आईला घेऊन जळगावहून धुळ्याला मामांकडे गेलो. मामा रिटायर मास्तर, मामी घरीच, मुलगी पुण्याला. जेवण झाल्यावर केबलवाल्याचा मुलगा आला आणि 450 रुपये घेऊन गेला. पावती नाही. मी विचारलं, "मामा, यात काय काय मिळतं?" मामा म्हणाले, "तो येस नि पैसा लई जास. मी काय इचारू?"

माझ्यातला ट्रेनर जागा झाला. त्याच आठवड्यात मी केबल बंद करायला लावलं, टीव्हीला एक स्टिक लावली, मोबाईल ॲपमधून सगळं दिसतं म्हणून समजावलं आणि जळगावला परत आलो. पंधरा दिवसांनी मामींचा फोन. मामी कधी तक्रार करत नाहीत. म्हणाल्या, "तुझे मामा टीव्ही लावत नाहीत रे आता. रिमोटवर काय दाबायचं ते विसरतात, मला विचारायची लाज वाटते त्यांना." संध्याकाळची सिरीयल मामी शेजारी जाऊन बघत होत्या. पैसे वाचले होते, पण त्या घरातली संध्याकाळ मी बंद केली होती.

पुढच्या रविवारी परत धुळे. या वेळी काहीच बंद केलं नाही. मामांना एक वही दिली आणि सांगितलं, आठ दिवस जे बघाल त्याचं फक्त नाव लिहा. मास्तरच ते, वेळेसकट लिहिलं! आठ दिवसांत एकूण सात चॅनल. दोन मराठी सिरीयलचे, दोन बातम्यांचे, सह्याद्री, एक कीर्तनाचा आणि एक जुन्या हिंदी सिनेमांचा. आणि पैसे जात होते इंग्रजी सिनेमे, कार्टून, एचडी स्पोर्ट्स असं सगळं भरलेल्या पॅकचे. मामा क्रिकेट बघतात, पण भारताची मोठी मॅच असेल तरच, आणि तीही पारावर मित्रांसोबत.

आता नियम समजून घ्या, कारण केबलवाल्याशी बोलताना तो उपयोगी पडतो. 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायच्या नियमाप्रमाणे कोणताही पे चॅनल एकेकटा घ्यायचा हक्क ग्राहकाला आहे. पॅकच घ्या अशी सक्ती नाही. बिलाचे दोन भाग असतात. एक नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे एनसीएफ. हे लाईन आणि फ्री चॅनलचे पैसे. दुसरा भाग पे चॅनलचे पैसे. दोन्हीवर 18 टक्के जीएसटी. एनसीएफला आधी 130 रुपयांची मर्यादा होती, 2020 पासून त्यात 200 चॅनल द्यावे लागत. जुलै 2024 मध्ये ट्रायने ही मर्यादा काढली. त्यामुळे आता "सगळीकडे एकच रेट आहे" असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका, तुमच्या ऑपरेटरचा एनसीएफ किती ते विचारा. मामांचा 130 च होता. जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. त्यावर तीन पे चॅनल. सगळं मिळून 290 झाले.

विचारायचं कसं, हे महत्त्वाचं. केबलवाला पोरगा मामांचा जुना विद्यार्थी निघाला! वादळात वायर तुटली तर रात्री शिडी घेऊन येणारा तोच. त्याच्याशी भांडून 160 रुपये वाचवले असते तर मामांनी मला माफ केलं नसतं. म्हणून मी बोललोच नाही. मामा बोलले: "मला एवढेच सात पाहिजेत, यादी घे, आणि पावती देत जा." पोरगा हो म्हणाला. तुमच्याकडे नाहीच म्हणाला तर आधी कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार करून नंबर लिहून घ्या, मग नोडल अधिकाऱ्याकडे जा. तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915.

डीडी फ्री डिश लावू का, असं बरेच जण विचारतात. डिश आणि बॉक्सचा एकदाच खर्च, दर महिन्याला शून्य. ज्यांना सह्याद्री, बातम्या आणि जुने सिनेमे पुरतात त्यांच्यासाठी उत्तम. पण मामींच्या दोन सिरीयल पे चॅनलवर आहेत, म्हणून आमच्याकडे तो विषय तिथेच संपला.

खरी गळती वायफायमध्ये होती. जीएसटी धरून महिन्याला 943 रुपये, स्पीड 100 एमबीपीएस, सोबत ओटीटी. दोन माणसांना! कंपनीच्या ॲपमध्ये मागच्या महिन्यांचा वापर दिसतो. तो बघितला तर महिन्याला साधारण 90 जीबी. प्लॅनची मर्यादा 3300 जीबी. मामा रात्री पुण्याच्या नातीशी व्हिडिओ कॉल करतात आणि दुपारी यूट्यूबवर कीर्तन ऐकतात. एचडी व्हिडिओला साधारण 5 एमबीपीएस पुरतं. 30 एमबीपीएसचा प्लॅन घेतला, 471 रुपये. सहा महिने आगाऊ भरले होते, म्हणून ती मुदत संपल्यावर बदल केला. मध्येच बदलू नका, उरलेल्या पैशांचं काय होणार ते आधी विचारा. लँडलाईन नंबर तोच राहतो ना, हेही विचारा. मामांचा नंबर आमच्या अख्ख्या नातेवाईकांना पाठ आहे.

घरात वायफाय असताना दोघांच्या मोबाईलवर रोज 2 जीबीचा रिचार्ज, 84 दिवसांना 859. मामा भाजी आणायला जातात, यूपीआय वापरतात, त्यांना बाहेर डेटा लागतो. मामींचा फोन घराबाहेर जातच नाही. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक ठेवणं बंधनकारक केलं, बहुतेक दुकानदार स्वतःहून तो दाखवत नाहीत. मामींना तोच घेतला, 84 दिवसांना 460 च्या आसपास. बँकेचे ओटीपी एसएमएसने येतातच, त्यामुळे अडत नाही.

आणि एक गंमत. मामांच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडलं तर एका ओटीटीचे दर महिन्याला 199 कटत होते. दिवाळीत नात आली होती, तिने कार्टूनसाठी सुरू केलेलं. पैसे कटायच्या चोवीस तास आधी मेसेज येतो, आरबीआयचा नियमच आहे. पण मामा मेसेज वाचतच नाहीत. तुमच्या घरी गेल्यावर आधी हे ऑटोपे उघडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. फक्त फोन त्यांच्याच हातात ठेवा आणि पिन त्यांनाच टाकू द्या. पुढे "तुमच्या केबलची केवायसी संपली" म्हणणारा भामटा फोन करेल तेव्हा पिन आपणच टाकायचा, दुसऱ्याला सांगायचा नाही, ही सवय कामी येते.

वर्षाचा हिशोब मामांनीच वहीत मांडला. आधी 26,500 च्या थोडं वर, आता 15,000 च्या आत. साडेअकरा हजारांपेक्षा जास्त फरक. निम्मं म्हणता येणार नाही, टायटलमध्ये मी जरा ताणलंय, मामांनी ते लगेच पकडलं. निम्मं झालं ते फक्त वायफाय.

यंदा आखाजी झाली की दोघं उन्हाळ्यासाठी दोन महिने पुण्याला मुलीकडे जाणार आहेत. तेवढ्या काळासाठी केबल तात्पुरतं बंद ठेवायचा अर्ज मामांनी स्वतः लिहून त्या पोराकडे दिला, आणि त्यावर त्याची सही घेऊन एक प्रत वहीत चिकटवली.