वहिवाट आणि हुकूम : उल्हासखोऱ्यातील कॅथलिक उपासनेच्या साठ वर्षांचा मागोवा

कल्याण स्थानक सोडून कर्जतच्या दिशेने निघालेला लोहमार्ग उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन नगरे ओलांडून वांगणीस पोहोचतो, आणि एवढ्या अल्प अंतरात परंपरा जपण्याचे जितके निरनिराळे प्रकार एकापाठोपाठ एक दृष्टीस पडतात तितके महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच पडत असतील. शके ९८२ चा शिलालेख धारण करणारे अंबरनाथचे शिवालय येथे आहे. फाळणीनंतर सर्वस्व गमावून आलेल्या आणि महायुद्धकालीन लष्करी छावणीत वसवल्या गेलेल्या सिंधी समाजाने, घरदार सिंधमध्ये राहिले तरी झुलेलालाची उपासना मात्र न सोडता, उभारलेले उल्हासनगर येथे आहे. आणि दारूगोळ्याचा सरकारी कारखाना, काडेपेट्यांचा कारखाना व रेल्वे यांच्या चाकरीनिमित्त गोवा, मंगळूर, केरळ, तामिळनाडू आणि वसई या मुलखांतून आलेली कॅथलिक कुटुंबेही येथेच आहेत. मुंबईतील जागेचे भाव झेपेनासे झाले तसतशी ही वस्ती बदलापूरपर्यंत आणि तेथून वांगणीपर्यंत सरकत आली, आणि येताना प्रत्येक कुटुंबाने आपल्या मूळ गावच्या चर्चमधील प्रार्थना, सण आणि गुडघे टेकण्याची रीतही सोबत आणली.

या भाविकांच्या आयुष्यात गेल्या साठ वर्षांत जेवढे बदल झाले तेवढे त्यापूर्वीच्या चार शतकांत झाले नव्हते. त्या बदलांस ज्यांनी हरकत घेतली त्यांना कोणी सनातनी म्हणाले, कोणी बंडखोर, तर कोणी केवळ जुन्या आठवणींत रमणारे वृद्ध. प्रस्तुत लेखकाच्या मते या तिन्ही विशेषणांनी त्यांच्यावर अन्याय झाला आहे. पूजाविधी हा फर्मानाने घडवण्याचा आणि फर्मानाने मोडण्याचा पदार्थ नव्हे, हे त्यांचे मूळ म्हणणे होते; आणि या प्रदेशाचा इतिहास नीट पाहिला तर त्या म्हणण्याची साक्ष तो पदोपदी देतो.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेपूर्वीचा काळ हा एकसुरी लॅटिनचा काळ होता, अशी आज सर्वत्र समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. ट्रेंटच्या विश्वपरिषदेनंतर १५७० साली पोप पाचवे पायस यांनी निश्चित केलेली मिस्सा, म्हणजे वेदीवरील मुख्य उपासना, लॅटिनमध्येच होत असे आणि धर्मगुरू वेदीकडे तोंड करून भाविकांच्या अग्रभागी उभा राहत असे, हे खरे. पण त्याच मिस्सेच्या सावलीत, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत छापून प्रसिद्ध केले, आणि ते गोमंतकातील चर्चमधून पिढ्यानपिढ्या गायले गेले. वेदीवरील विधी अचल आणि त्याभोवतीची भक्ती मात्र पूर्णपणे देशी, असा हा तोल होता. परंपरावादी कॅथलिक जेव्हा जुन्या मिस्सेचा कैवार घेतो तेव्हा तो मराठीचा विरोधक असतोच असे नाही, हे ध्यानात येण्यासाठी स्टीफन्सच्या या एका उदाहरणाहून अधिक पुरावा नको.

त्या जुन्या काळात शांतताच नांदत होती, असेही मात्र कोणी समजू नये. पोर्तुगालच्या राजाला धर्मप्रसाराच्या कामी मिळालेली सनद, म्हणजे पाद्रोआदो, आणि रोमहून थेट कारभार पाहणारी प्रोपागांदा, या दोन सत्तांचे अंमल मुंबई बेटावर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकमेकांवर चढलेले होते. एकाच वस्तीतील शेजारी दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांस आपला धर्माध्यक्ष मानीत, आणि या दुहेरी अधिकारातून उद्भवलेली वैरे १९२८ च्या कराराने तो अधिकार संपुष्टात येईपर्यंत शमली नाहीत. त्या कराराने पोर्तुगीज आणि ब्रिटिश आर्चबिशप आळीपाळीने नेमण्याची तजवीज झाली. जेझुइट आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी एका भारतीयासाठी आपणहून वाट मोकळी केली आणि १९५० साली व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ साली तेच भारताचे पहिले कार्डिनल. ‘एका मुलखात एकच धर्माध्यक्ष’ हे तत्त्व मुंबईच्या लॅटिन धर्मसत्तेस इतके प्रिय का, याचे मूळ या जुन्या जखमेत आहे.

१९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन विश्वपरिषद भरली. उपासनेविषयीचा तिचा जाहीरनामा ४ डिसेंबर १९६३ रोजी २१४७ विरुद्ध ४ अशा मतांनी मंजूर झाला. त्यात लॅटिन भाषा जतन करावी, ग्रेगोरियन गायनास अग्रस्थान द्यावे आणि लोकभाषांस अधिक वाव द्यावा, अशी तिन्ही कलमे शेजारीशेजारी आहेत. वर्षभरातच, १९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, मुंबईत आंतरराष्ट्रीय युखॅरिस्ट महोत्सव भरला, पोप सहावे पॉल त्यासाठी आले, आणि अन्य धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यकोपनिषदातील प्रार्थनेचा आधार घेतला. पुढील पाच वर्षांत मात्र जे घडले त्याचा वेग परिषदेस बसलेल्या कित्येक बिशपांनाही अनपेक्षित होता. १९६९ च्या एप्रिलमध्ये नवीन मिस्साविधी जाहीर झाला. लॅटिन जवळजवळ सर्वत्र लोपली, वेद्या भिंतीपासून सुटून पुढे आल्या, धर्मगुरू लोकांकडे वळला. परिषदेने ज्याचे जतन सांगितले होते ते प्रत्यक्षात रद्दबातल झाले आणि ज्याचा तिने उच्चारही केला नव्हता ते सार्वत्रिक झाले, ही परंपरावादी मंडळींची तक्रार जाहीरनाम्याची कलमे समोर ठेवून तपासली असता निराधार ठरत नाही.

तथापि या बदलाने जे दिले तेही तितक्याच प्रांजळपणे नोंदले पाहिजे. वसईच्या सामवेदी आणि वाडवळ कॅथलिकांना आपल्या मातृभाषेच्या वळणाची मिस्सा मिळाली. तिच्या आधारे मराठी भक्तिगीते, मराठी प्रवचन आणि १९५५ पासून चालू असलेल्या ‘सुवार्ता’ मासिकाभोवतीचे मराठी ख्रिस्ती वाङ्मय यांना जो बहर आला त्याची सांगता फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या २०२० च्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदात झाली असे म्हटले तरी चालेल. हे धन नाकारणारा परंपरावाद आपल्याच स्टीफन्सला नाकारील.

खरा वाद पेटला तो बारा कलमांवरून. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतीय उपासनेसाठी बारा अनुकूलनांस मंजुरी दिली : गुडघे टेकण्याऐवजी अंजलिबद्ध नमस्कार, जमिनीवर मांडी घालून बसणे, मेणबत्तीच्या जागी तेलाची समई, झग्याच्या जागी अंगवस्त्र, आरती आणि पंचांग प्रणाम. बंगळूरचे फादर अमलोरपवदास हे या चळवळीचे धुरीण होते. त्यांचा हेतू उदात्त होता, विद्वत्ता निःसंशय होती. परंतु व्हिक्टर कुलंडै यांच्यासारख्या गृहस्थांनी उघडउघड पुस्तक लिहून या अनुकूलनांवर मूर्तिपूजनाचा आरोप केला, आणि भाषा कठोर असली तरी त्या आरोपाच्या मुळाशी एक प्रश्न होता ज्याचे उत्तर कोणी दिले नाही : ज्या भाविकांच्या नावाने हे भारतीयीकरण होत होते त्यांना कोणी विचारले होते काय? कोकण किनाऱ्यावरील कोळी, कुणबी आणि वाडवळ कॅथलिकांनी गुडघे टेकणे हेच चारशे वर्षांत आपले करून घेतले होते. त्यांच्या दृष्टीने परके असलेच तर ते ग्रंथांतून शोधून काढलेले संस्कृतनिष्ठ देशीपण होते. २००८ साली मुंबईत प्रसिद्ध झालेल्या न्यू कम्युनिटी बायबलवरून हाच प्रसंग पुन्हा उद्भवला. टीपांतील हिंदू धर्मग्रंथांचे संदर्भ आणि साडीतील मरिया यांस इतकी हरकत आली की ग्रंथ मागे घेऊन २०११ साली सुधारून काढावा लागला. त्या वेळी हरकत घेणारे साधे संसारी लोक होते, आणि त्यांची दाद लागली ही गोष्ट धर्मसभेस भूषणावह आहे.

आता १९८८ या वर्षाकडे वळले पाहिजे, कारण उल्हासखोऱ्याच्या दृष्टीने या साठ वर्षांचा मध्यबिंदू तेथे आहे. त्या वर्षी ३० एप्रिलला पोप दुसरे जॉन पॉल यांनी कल्याण येथे केरळच्या संत थॉमस ख्रिस्तींचा सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन केला आणि बिशप पॉल चिट्टिलप्पिळ्ळी यांच्याकडे तो सोपवला. आणि बरोबर दोन महिन्यांनी, ३० जूनला, आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी स्वित्झर्लंडमधील एकोन येथे पोपच्या अनुज्ञेवाचून चार बिशपांना दीक्षा देऊन जुन्या मिस्सेच्या रक्षणार्थ आज्ञाभंग पत्करला. दोन्ही घटनांचा विषय एकच होता : पूर्वजांकडून आलेली उपासना आपल्या मुलांच्या हाती जशीच्या तशी देण्याचा हक्क.

केरळच्या संत थॉमस ख्रिस्ती समाजाने या हक्काची फार मोठी किंमत मोजली होती. १५९९ साली उदयंपेरूरच्या सभेत गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांनी त्यांच्या सिरियाक उपासनेवर लॅटिन साचा लादला, ग्रंथ जाळवले, आणि त्याचे पर्यवसान १६५३ च्या मट्टांचेरीच्या शपथेत, म्हणजे समाजाच्या कायमच्या दुभंगण्यात झाले. ती हानी भरून काढण्यास रोमला तीन शतके लागली. १९२३ मध्ये त्यांची स्वतंत्र धर्मसत्ता बहाल झाली, १९५७ मध्ये त्यांच्या प्राचीन कुर्बानाचा, म्हणजे त्यांच्या मिस्सेचा, पाठ मंजूर झाला. कारखान्यांच्या आणि इस्पितळांच्या नोकरीसाठी त्यांची मुले मुंबई परिसरात आली तेव्हा येथील लॅटिन बिशपांनी ‘एका मुलखात एकच धर्माध्यक्ष’ हे तत्त्व पुढे केले, आणि ते दुराग्रहाने नव्हे, तर पाद्रोआदोचे दिवस स्मरून केले. १९८७ च्या मे महिन्यात भारतातील बिशपांस लिहिलेल्या पत्रात पोपने निर्णय दिला : भाविक जेथे जाईल तेथे त्याची उपासनापरंपरा त्याच्यासोबत जाण्याचा त्याला अधिकार आहे. दोन्ही पक्ष परंपरेचेच नाव घेत होते. तोडगा निघाला तो दोघांनाही जागा देऊन. आज अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात लॅटिन आणि सिरो-मलबार भाविक एकाच लोकलने कामावर जातात आणि रविवारी आपापल्या वेदीपुढे उभे राहतात; पाद्रोआदोच्या काळातील वैर उफाळून आले नाही, आणि २०२५ साली कल्याणला महाधर्मप्रांताचा दर्जाही लाभला.

लॅटिन मिस्सेच्या वाट्याला असे स्थैर्य आले नाही. २००७ च्या ७ जुलैला पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी जुन्या विधीला मुक्त वाव दिला, २००९ मध्ये लफेव्र यांच्या चार बिशपांवरील बहिष्कार उठवला, आणि विरोधाचा दाह शमू लागला असता १६ जुलै २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तो वाव अतिशय संकुचित केला. विलक्षण हे की त्याच महिन्याच्या ३ तारखेस त्यांनीच सिरो-मलबार धर्मसभेस पत्र लिहून, कुर्बानाचा मध्यभाग वेदीकडे तोंड करून म्हणण्याची एकसूत्री पद्धत अमलात आणण्याचा आग्रह धरला होता. एका पंथास वेदीकडे वळण्याची आज्ञा झाली आणि दुसऱ्या पंथातील तसे वळू इच्छिणाऱ्यांचा मार्ग रोखला गेला, तेही पंधरवड्याच्या आत! दोन्ही हुकुमांचा परिणाम सारखाच झाला : एर्नाकुलममध्ये कॅथेड्रलला टाळे लागेपर्यंत कलह गेला, आणि जुन्या मिस्सेचे तरुण भाविक, ज्यांपैकी पुष्कळांचा जन्मच परिषदेनंतरचा, दुखावले गेले. दिशा परस्परविरुद्ध असूनही दुःख एक असावे, याचे कारण दिशेत नसून हुकुमाच्या घाईत आहे.

घटस्फोटानंतर पुनर्विवाह केलेल्यांना ख्रिस्तप्रसाद देण्याविषयी २०१६ पासून आणि समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याविषयी २०२३ च्या डिसेंबरपासून जे वाद चालले आहेत ते सिद्धान्ताच्या प्रांतातील आहेत. तेथे परंपरावाद्यांची मागणी अशी की दयेची भाषा स्पष्ट असावी आणि कालचे सत्य आज संदिग्ध होऊ नये. ही मागणी निष्ठुरपणाची नव्हे. पापाला पाप म्हणणारा धर्मगुरूच क्षमेला क्षमा म्हणू शकतो, हे जुन्या पापनिवेदनाच्या पेटीपाशी वाढलेल्या पिढीला ठाऊक आहे.

परंतु परंपरेच्या कैवाऱ्यांनीही स्वतःस एक प्रश्न विचारला पाहिजे. लफेव्र यांच्या मार्गाने गेलेल्यांनी जुनी मिस्सा राखली, पण जिच्यात ती मिस्सा पोपचे आणि बिशपचे नाव घेऊन उच्चारली जाते त्या एकतेपासून अंतर राखून ती राखली. आणि सिरो-मलबार समाजाने मात्र, अन्याय सोसूनही, अर्ज, पत्रे, शिष्टमंडळे आणि पिढ्यांची चिकाटी यांच्या बळावर तीच गोष्ट एकतेच्या आत मिळवली. आज्ञापालन आणि परंपरा यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची पाळी भाविकांवर येऊ नये ही जबाबदारी मात्र मुख्यतः आज्ञा देणाऱ्यांची आहे.

पोप चौदावे लिओ यांच्या पहिल्याच वर्षी, २०२५ च्या ऑक्टोबरात, रोममधील संत पीटर यांच्या महामंदिरात कार्डिनल बर्क यांना जुन्या विधीने मिस्सा अर्पण करण्याची परवानगी मिळाली, हे शुभचिन्ह आहे. आपल्याकडे याहून सोपी गोष्ट शक्य आहे. कल्याणपासून वांगणीपर्यंतच्या पट्ट्यात दोन उपासनापंथ सदतीस वर्षांहून अधिक काळ सलोख्याने नांदत असतील, तर त्याच पट्ट्यातील एखाद्या धर्मग्रामात जुन्या लॅटिन मिस्सेला महिन्यातून एक वेळ, एक वेदी आणि तिचे शिक्षण घेतलेला एक धर्मगुरू मिळावा यासाठी भाविकांनी सह्यांचा अर्ज करावा आणि तो रीतसर रोमपर्यंत पोहोचवावा. तो अर्ज नम्र असावा, त्यात नव्या मिस्सेची निंदा नसावी, आणि उत्तरास विलंब झाला तरी धर्मसभेची सोबत सोडू नये. १९८७ साली केरळच्या भाविकांना मिळालेला न्याय लॅटिन भाविकांना नाकारण्याचे कोणतेही कारण धर्मशास्त्रात नाही.