खारपाणपट्ट्याचे पाणी : रूढ गैरसमज आणि वस्तुस्थिती

सातपुड्याच्या गाविलगड रांगेकडून उतरून अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाणारी आणि पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीला मिळणारी पूर्णा नदी ज्या काळ्याभोर, कसदार गाळाच्या मैदानावरून जाते, त्या मैदानाच्या पोटात पाणी विपुल असूनही ते पिण्याजोगे नाही, ही वऱ्हाडच्या सार्वजनिक आरोग्याची फार जुनी व्यथा आहे. दर्यापूर, भातकुली, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, शेगाव, संग्रामपूर अशा तालुक्यांतून पसरलेल्या आणि सुमारे 4700 चौरस किलोमीटर क्षेत्र व जवळजवळ 900 गावे व्यापणाऱ्या या प्रदेशाला सरकारी दफ्तरात आणि लोकांच्या बोलण्यातही खारपाणपट्टा हेच नाव आहे.

जेथे घोटभर गोड्या पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या पायपीट करावी लागली, तेथे पाण्याविषयी नाना समजुती रूढ व्हाव्यात हे स्वाभाविक होय. त्यांतील काही अनुभवाच्या कसोटीला उतरलेल्या आहेत, काही निखालस चुकीच्या आहेत, आणि बऱ्याचशा अर्धसत्य आहेत. या अर्धसत्यांची किंमत माणसाला आपल्या प्रकृतीने मोजावी लागते, म्हणून त्यांतील प्रमुख समजुतींचा येथे क्रमाने विचार केला आहे.

गैरसमज 1 : येथे पूर्वी समुद्र होता, म्हणून पाणी खारे आहे.

वस्तुस्थिती : समुद्राची ही कल्पना काही भूशास्त्रज्ञांनीही एकेकाळी मांडली होती, हे खरे, परंतु पाणी खारे होण्यास समुद्राची आवश्यकता नसते, याचा पुरावा याच बुलढाणा जिल्ह्यात लोणारच्या सरोवराच्या रूपाने उभा आहे, कारण उल्कापाताने झालेल्या त्या विवराचा समुद्राशी कोणताही संबंध नसताना त्याचे पाणी खारे आहे. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग यांच्यामधील पूर्णेच्या खोलगट भागात शेकडो मीटर जाडीचा गाळ साचला आहे. खडकांची झीज होऊन पाण्यात उतरलेले क्षार या चिकण गाळातून सहजासहजी निचरून जात नाहीत, आणि उन्हाच्या तीव्रतेने पाण्याची वाफ झाली तरी क्षार मागेच राहतात, असे स्पष्टीकरण आज अधिक ग्राह्य मानले जाते. हा वाद केवळ पंडितांचा नाही. खारेपणा जर निचरा आणि बाष्पीभवन यांचा परिणाम असेल, तर तो आजही घडत असणारा व्यापार आहे, आणि विहिरीचे खारे पाणी शेतास देत राहिल्यास जमीनही हळूहळू नासते, हे त्यावरून ओघानेच येते. अशा जमिनीत विहिरीऐवजी शेततळ्यात साठविलेल्या पावसाच्या पाण्यावर भिस्त ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

गैरसमज 2 : बोअर आणखी खोल नेली की गोडे पाणी लागते.

वस्तुस्थिती : सातपुड्याच्या पायथ्याशी, अचलपूर-परतवाड्याच्या बाजूस, ही अपेक्षा काही अंशी सफल होऊ शकते, कारण तेथील गाळ भरड आहे आणि डोंगरावरून झिरपणारे पाणी त्यात मुरते. परंतु पट्ट्याच्या मध्यभागी नियम नेमका उलट आहे. नदीनाल्यांच्या काठी पावसाचे पाणी मुरून वरच्या थरात जे थोडेसे गोडे पाणी तरंगत राहते, ते ओलांडून खाली गेल्यास बहुधा अधिक खारे पाणीच लागते. पूर्णेच्या खोऱ्यात पुष्कळ खोल विहिरी खोदून त्यांतील खाऱ्या पाण्यापासून मीठ काढण्याचा व्यवसाय पूर्वी चालत असे, अशी नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरांत आहे. ज्या खोलीवर पूर्वजांनी मिठाचा शोध घेतला, त्या खोलीवर आपण गोड्या पाण्याची आशा धरावी, आणि त्यासाठी कर्ज काढावे, हे उचित नव्हे.

गैरसमज 3 : पाणी उकळले, अथवा त्यात तुरटी फिरवली, की ते सर्वतोपरी शुद्ध होते.

वस्तुस्थिती : उकळल्याने जंतू मरतात, तुरटीने गढूळपणा खाली बसतो, आणि क्लोरीनच्या द्रावणाने अथवा विरंजक चुऱ्याने रोगजंतूंचा नायनाट होतो. हे तिन्ही उपाय उत्तम आहेत, परंतु त्यांपैकी एकानेही पाण्यातील मीठ जात नाही. उकळताना काही कॅल्शियम व मॅग्नेशियम भांड्याच्या तळाशी पांढऱ्या थराच्या रूपाने बसते एवढेच. सोडियम, क्लोराइड व नायट्रेट पाण्यातच राहतात, आणि पाण्याची वाफ होऊन गेल्याने त्यांचे प्रमाण उलट किंचित वाढते. नायट्रेटचा मुद्दा विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण खतांतून व सांडपाण्यातून येणारा हा क्षार लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक झाला, तर तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती क्षीण होण्याचे भय असते. वरचे दूध तयार करण्यासाठी असे पाणी पुनःपुन्हा उकळणाऱ्या मातेचा हेतू निर्मळ असला, तरी तिच्या हातून घडते ते विपरीतच.

गैरसमज 4 : यंत्रावरचा आकडा जितका कमी, तितके पाणी उत्तम.

वस्तुस्थिती : हातात धरण्याचे लहानसे टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देते. जंतू, कीटकनाशके किंवा नायट्रेट यांविषयी ते काहीही सांगू शकत नाही. भारतीय मानकानुसार हे प्रमाण लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट मानले असून, दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेण्याची मुभा आहे. ज्या गावी ही मर्यादाही ओलांडली जाते, तेथे आरओ यंत्र हा आपद्धर्म म्हणून आवश्यक ठरतो. परंतु ते यंत्र जे क्षार वेगळे काढते ते त्याहूनही खाऱ्या सांडपाण्यातून बाहेर टाकते, आणि ते पाणी गावातल्याच नालीत किंवा शोषखड्ड्यात गेले, तर पुन्हा त्याच भूगर्भात परत येते. अमरावती शहरास ऊर्ध्व वर्धा धरणाचे आणि अकोला शहरास महान येथील काटेपूर्णा धरणाचे पाणी मिळते. अशा पृष्ठजलात क्षार बहुधा बेताचेच असतात, आणि 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्यासाठी आरओ यंत्रे वापरण्यावर बंदी आणावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2019 मध्ये केंद्र सरकारला दिले होते.

विक्रेत्यांच्या एका प्रयोगाविषयीही येथे सावध केले पाहिजे. नळाच्या पाण्यात विजेच्या दोन कांड्या बुडवून ते पाणी क्षणात तपकिरी झालेले दाखवितात आणि भाबडा गृहस्थ भयभीत होतो. परंतु तो गाळ पाण्यातला नसून, क्षारयुक्त पाण्यातून वीज वाहिल्यामुळे लोखंडी कांडीच झिजून निघालेला असतो. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते.

गैरसमज 5 : ग्रामपंचायतीस हिरवे कार्ड मिळाले, तेव्हा पाण्याची चिंता नाही.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता-सर्वेक्षण करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देण्याची जी तजवीज आहे, ती अत्यंत उपयुक्त आहे. विहिरीभोवती घाण आहे काय, जलवाहिनी फुटली आहे काय, क्लोरीन नियमित घातले जाते काय, हे ती पाहते, आणि त्यावरून साथीच्या रोगांचा धोका ठरविते. पूर्णाकाठच्या दापुरे गावी ज्यांचे बालपण गेले, त्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन आयुष्यभर जे शिकविले, त्याचीच ही शासकीय परिणती म्हणता येईल. परंतु क्षारांची मोजदाद हा या कार्डाचा विषय नाही. त्यासाठी पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत रासायनिक तपासणीस पाठवावा लागतो, आणि तो अहवाल पाहण्याचा गावकऱ्यांना पूर्ण अधिकार आहे.

गैरसमज 6 : खारे पाणी प्याले की किडनी निकामी होणारच, म्हणून पाणी कमी प्यावे.

वस्तुस्थिती : सर्व समजुतींत ही सर्वांत घातक आहे, कारण तिच्यात सत्याचा अंश आहे. खारपाणपट्ट्यातील गावांतून मूत्रपिंडाच्या रुग्णांविषयी होणारी तक्रार जुनी आहे, कळकळीची आहे, आणि तिची कसून वैद्यकीय चौकशी व्हावी हा लोकांचा न्याय्य हक्क आहे. तथापि मूत्रपिंड निकामी होण्याची जगभर आढळणारी दोन मुख्य कारणे म्हणजे मधुमेह व उच्च रक्तदाब ही होत, आणि पाण्याचा संबंध पाहायचा तर तो बऱ्याच अंशी या दुसऱ्या कारणाच्या द्वारे पाहावा लागतो. प्रौढ माणसाच्या पोटात दिवसाकाठी 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम जावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. समजा, एखाद्या विहिरीच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅम सोडियम आहे, आणि वैशाखात पारा 45 अंशांपलीकडे गेला असता शेतमजूर त्याचे चार लिटर पाणी पितो, तर भाकरीचा पहिला घास घेण्यापूर्वीच त्याची मर्यादा पूर्ण होते. त्यात खाऱ्या व जड पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून घातलेला खाण्याचा सोडा, आणि भाकरीसोबतचा ठेचा व लोणचे यांची भर पडते.

परंतु यावर उपाय म्हणून पाणी कमी पिणे म्हणजे संकटात स्वतः भर घालणे होय. उन्हात घाम गाळणाऱ्या देहास पाणी न मिळाल्यास मूत्र दाट होते, खडे धरतात, आणि मूत्रपिंडास प्रत्यक्ष इजा होते. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या ही इजा वाढवितात. सर्व दोष पाण्याच्या माथी मारल्याने दुसरीही हानी होते, ती अशी की, ज्याचा रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला आहे तो मनुष्य प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तो मोजून घेत नाही, आणि पायांवर सूज आल्यावरच डॉक्टरांकडे येतो.

गैरसमज 7 : नळयोजना मंजूर झाली, म्हणजे प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : वान प्रकल्पाच्या पाण्यावर चालणारी अकोट भागातील 84 खेडी योजना, काटेपूर्णेवरील खांबोरा येथील 64 खेडी योजना, दर्यापूर-अंजनगावकडे शहानूर धरणाचे पाणी नेणारी योजना, या सर्वांनी खारपाणपट्ट्यावर केलेले उपकार निर्विवाद आहेत, आणि दूरच्या गोड्या पाण्याची सामुदायिक वाटणी हाच या प्रदेशाचा खरा तरणोपाय असल्याचे त्यांनी सिद्ध केले आहे. 2019 च्या जल जीवन मिशनने दरडोई दररोज 55 लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले, तेही योग्यच. परंतु नळास पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येत असेल, तर मधल्या काळात माणूस एक तर पुन्हा खाऱ्या विहिरीकडे वळतो, किंवा घरातील टाक्या, रांजण व ड्रम भरून ठेवतो, आणि न झाकलेल्या त्या साठ्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. शिवाय रिकाम्या जलवाहिनीत फुटक्या सांध्यांतून नालीचे पाणी शिरते. योजनेचे मोल तिच्या उद्‌घाटनाच्या फलकावरून ठरवू नये, नळास नियमितपणे किती दिवस पाणी येते यावरून ठरवावे.

गैरसमज 8 : सिंगापूर श्रीमंत आहे, म्हणून त्यास पाण्याचा व आरोग्याचा प्रश्न सोडविणे जमले, आपणांस ते शक्य नाही.

वस्तुस्थिती : आरोग्यव्यवस्थेची चर्चा निघाली की त्या नगरराज्याच्या 1984 मधील मेडिसेव्ह या सक्तीच्या बचत-योजनेचा व तेथील सुसज्ज रुग्णालयांचा दाखला हटकून दिला जातो, परंतु त्याआधीचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. 1963 मध्ये अवर्षणामुळे तेथे पाण्याचे रेशनिंग करावे लागले होते, आणि 1965 मध्ये स्वतंत्र झालेले हे बेट पिण्याच्या पाण्यासाठी मलेशियातील जोहोर प्रांताशी झालेल्या 1961 व 1962 च्या करारांवर अवलंबून होते. त्या टंचाईच्या काळातच त्याने पाणीपुरवठा एका जबाबदार मंडळाच्या स्वाधीन केला, रोगवाहक कीटकांच्या नाशाचा कायदा 1968 मध्ये करून घरोघरच्या साठलेल्या पाण्याची तपासणी सुरू केली, आणि 1977 ते 1987 या दहा वर्षांत आपली घाण झालेली नदी स्वच्छ केली. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची योजना 2003 मध्ये आणि समुद्राचे पाणी गोडे करण्याचा पहिला कारखाना 2005 मध्ये आला, म्हणजे महागडे तंत्र शेवटी आले, शिस्त आधी आली. त्यांचे तंत्र वऱ्हाडात जसेच्या तसे आणता येणार नाही, कारण गोडे पाणी काढून उरलेले तीव्र खारे पाणी त्यांना समुद्रात सोडता येते, आपणांस ते टाकण्यास जागा नाही. परंतु अखंड पुरवठा, नियमित तपासणी आणि उघड हिशेब ही त्रयी कोणत्याही जिल्हा परिषदेस आत्मसात करता येण्याजोगी आहे.

रोग झाल्यावर खर्च करण्याची तयारी आपल्या शासनाने दाखविली आहे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. 2 जुलै 2012 रोजी ज्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा आरंभ झाला त्यांत अमरावती हा एक होता. पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण केलेल्या त्याच योजनेतून आज गरिबाचे डायलिसिस होते. परंतु डायलिसिसची खाट हे आरोग्यधोरणाचे शेवटचे टोक आहे, आणि त्याचे पहिले टोक गावाच्या नळाशी आहे. खारपाणपट्ट्यातील प्रत्येक वाचकास म्हणून विनंती आहे, की येत्या ग्रामसभेत आपल्या गावच्या पाण्याचा रासायनिक अहवाल मागावा, घरातील साठा झाकून ठेवावा, उन्हाळ्यात पाणी कमी पिऊ नये, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब व साखर तपासून घ्यावी, आणि लोकप्रतिनिधी दारी येतील तेव्हा नव्या बोअरची मागणी न करता नळास रोज पाणी येण्याची मागणी करावी.